काचेला बोट कळतं, बोटाला काय कळतं?

स्वीडनमधल्या उमेओ विद्यापीठातले संशोधक रोलँड योहान्सन यांच्या एका प्रयोगाचं चित्रीकरण उपलब्ध आहे. एक बाई काडेपेटीतून काडी काढते आणि पेटवते. काही सेकंदांचं काम. मग तिच्या बोटांची टोकं इंजेक्शन देऊन बधिर करतात आणि तेच काम पुन्हा करायला सांगतात. तिचे डोळे उघडे आहेत, हाताचे स्नायू धडधाकट आहेत आणि काडी कशी पेटवायची हे काही ती विसरलेली नाही. तरी काडी चिमटीतून निसटते, पुन्हा उचलावी लागते, पुन्हा निसटते. शेवटी ती पेटते, पण तिपटीहून जास्त वेळ घेऊन.

हाताची कामं आपण बघून करतो असं आपल्याला वाटतं. काडी कुठे आहे एवढं डोळे सांगतात, हे खरं. पण ती चिमटीत आल्यावरचा सगळा कारभार कातडी सांभाळते. किती जोर लावायचा, काडी सरकायला लागली का, ती काडेपेटीला नीट टेकली का, हे सगळं ती ठरवते आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. बोटं बधिर झाल्यावरच ते ध्यानात येतं.

दिवसातून असंख्य वेळा ज्या स्क्रीनवर आपण बोट टेकवतो, ती स्क्रीन या सगळ्यातली फक्त एक गोष्ट वापरते: बोट कुठे टेकलं. बोटाला जे कळू शकतं त्यातलं जवळजवळ काहीच ती परत देत नाही. कीबोर्डचं बटण, नकाशा, छायाचित्र, सगळ्यांचा स्पर्श एकच, गुळगुळीत काचेचा. ही उणीव भरून काढायचे प्रयत्न काही दशकांपासून चालू आहेत आणि ते अजून अर्ध्या वाटेवरही आलेले नाहीत. असं का, हे समजून घ्यायला आधी कातडीकडे बघावं लागेल.

तळहाताच्या आणि बोटांच्या आतल्या बाजूच्या त्वचेत दाब, ताण आणि कंपन टिपणारे सुमारे १७,००० मज्जातंतू येऊन पोचतात. त्यांच्या टोकांवरचे संवेदक चार प्रकारचे असतात आणि ज्या शास्त्रज्ञांनी त्यांचं वर्णन केलं त्यांच्या नावांनीच ते ओळखले जातात. मर्केल संवेदक स्थिर दाब आणि कडा टिपतात. बोटाखाली खडा आहे की तार, हे त्यांच्यामुळे कळतं. माइसनर संवेदक हळू थरथर आणि सरकणं टिपतात. हातातला पेला किंचित निसटू लागला की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास पकड आपोआप घट्ट होते, ती बरीचशी यांच्या सूचनेवरून. रुफिनी संवेदकांना त्वचा ताणलेली कळते. चौथे पॅसिनी. हे खोलवर असतात आणि कांद्यासारखे पापुद्र्यांचे बनलेले असतात. सेकंदाला २०० ते ३०० वेळा होणाऱ्या कंपनाला ते इतके संवेदनशील असतात की मायक्रोमीटरच्या काही शतांश भागाएवढी हालचालही त्यांना पुरते. फोनचं व्हायब्रेशन मुख्यतः यांच्याच भरवशावर चालतं, हे पुढे येईलच.

उष्णता, थंडी, वेदना आणि खाज यांचे तंतू वेगळे. शिवाय केसाळ त्वचेत काही अगदी मंद तंतू असतात. इतर स्पर्शसंदेश सेकंदाला काही दशक मीटर वेगाने मेंदूकडे धावतात, तर या तंतूंतले संदेश सेकंदाला जेमतेम एक मीटर सरकतात. हातावरून कुणी मायेने हात फिरवला, म्हणजे सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर वेगाने, की ते सर्वाधिक जागे होतात. वस्तू ओळखायला त्यांचा काही उपयोग नाही. कुणीतरी जवळ आहे, ही जाणीव ते देतात.

दाबाचं रूपांतर विजेच्या संदेशात नेमकं कसं होतं, हे कोडं २०१० पर्यंत सुटलेलं नव्हतं. अमेरिकेत आर्डेम पटापूटियन यांच्या प्रयोगशाळेत, टोचलं की विजेचा संदेश देणाऱ्या पेशी निवडल्या. मग ७२ संशयित जनुकं एकेक करून बंद करत, कोणतं बंद केल्यावर पेशी टोचणीला दाद देईनाशी होते ते शोधलं. त्यातून पिएझो नावाची प्रथिनं सापडली. पेशीच्या आवरणात बसलेल्या या झडपा आवरण ताणलं गेलं की उघडतात आणि विद्युतभारित कण आत शिरतात. २०२१ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल पटापूटियन यांना, तापमान आणि तिखटपणाच्या जाणिवेवर काम केलेल्या डेव्हिड जूलियस यांच्यासोबत मिळालं. जन्मतःच पिएझो-२ हे प्रथिन नीट काम करत नाही अशी काही माणसं आहेत. डोळे उघडे असताना ती चालू शकतात, डोळ्यांवर पट्टी बांधली की कोसळतात, कारण आपले हातपाय कुठे आहेत हेच त्यांना कळेनासं होतं.

तंत्रज्ञानाच्या दृष्टीने यापेक्षाही अडचणीची गोष्ट म्हणजे, स्पर्श नुसता ‘होत’ नाही, तो करावा लागतो. हातावर एखादं कापड नुसतं ठेवलं तर ते सुती आहे की रेशमी हे सांगणं कठीण जातं. बोट त्यावरून फिरवलं की लगेच कळतं. सुझन लेडरमन आणि रोबर्टा क्लॅट्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९८० च्या दशकात यावर फार सुंदर काम केलं. डोळे बांधलेल्या माणसांच्या हातात त्यांनी रोजच्या वापरातल्या १०० वस्तू दिल्या. सुमारे ९६ टक्के उत्तरं बरोबर आली आणि बहुतेक वस्तू पाच सेकंदांच्या आत ओळखल्या गेल्या. हात काय करतात याचं निरीक्षण केल्यावर त्यांना दिसलं की प्रत्येक गुणधर्म जाणून घ्यायची हाताची ठरलेली हालचाल असते. पोत बघायचा तर बोट पुढेमागे घासतो, टणकपणा बघायचा तर दाबतो, गारवा बघायला हात नुसता टेकवतो, वजनासाठी वस्तू उचलून तोलतो, आकारमानासाठी मुठीत धरतो आणि बारकाव्यांसाठी कडेकडेने बोट फिरवतो.

आता स्क्रीनवर यातलं काय करता येतं ते बघा. टेकवता येतं आणि घासता येतं. घासल्यावर जाणवतो तो काचेचाच पोत.

ही काच आली कुठून, ते थोडक्यात सांगतो. १९६५ मध्ये इंग्लंडमधल्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमध्ये एरिक जॉन्सन यांनी बोटाच्या विद्युतगुणांवर चालणाऱ्या टचस्क्रीनची कल्पना मांडली. ती विमानवाहतूक नियंत्रकांसाठी होती. सत्तरच्या दशकात युरोपातल्या सर्न प्रयोगशाळेत बेंट स्टुम्प यांनी कणत्वरकाच्या, म्हणजे सूक्ष्म कणांना प्रचंड वेग देणाऱ्या यंत्राच्या, नियंत्रण कक्षासाठी अशीच पारदर्शक बटणं बनवली. २००७ मध्ये आयफोन आला आणि अनेक बोटं एकाच वेळी ओळखणारी काच घरोघरी पोचली.

तिचं काम असं चालतं: काचेखाली पारदर्शक वाहक पदार्थाच्या उभ्या-आडव्या रेघांची जाळी असते आणि तिच्यावर सूक्ष्म विद्युतभार खेळवलेला असतो. आपलं शरीर विजेचं वाहक आहे. बोट जवळ आलं की आसपासच्या छेदबिंदूंवरचा थोडा भार बोटाकडे ओढला जातो. कोणत्या बिंदूवर किती फरक पडला हे मोजून चिप बोटाचा मध्य काढते. दोन रेघांत काही मिलिमीटरचं अंतर असलं तरी या हिशेबामुळे बोटाची जागा त्याहून कितीतरी अचूक मिळते. जाड हातमोजा घातला की फोन ऐकत नाही आणि काचेवर पाणी सांडलं की तो गोंधळतो, त्याचं कारण हेच. बोटाने जोर लावला की नाही, याच्याशी या जाळीला कर्तव्य नाही. तिला फक्त वाहक पदार्थ जवळ आलेला कळतो.

थोडक्यात, बोटाकडून यंत्राकडे जाणारी वाट उत्तम बांधून झाली आहे. परतीची वाट मात्र जवळजवळ एकाच गोष्टीवर थांबली: कंपन.

जुन्या फोनमध्ये एक छोटी मोटर आणि तिच्या दांड्यावर एका बाजूला झुकलेलं वजन असायचं. मोटर फिरली की फोन थरथरायचा. पण तिला वेग घ्यायला वेळ लागतो, थांबायलाही लागतो, म्हणून ती नुसती घरघर वाटायची. नंतर आला तो स्प्रिंगवर बसवलेला चुंबक. कॉइलमधून उलटसुलट प्रवाह सोडला की तो एका सरळ रेषेत मागेपुढे हलतो. तो काही मिलिसेकंदांत चालू होतो आणि उलटा प्रवाह देऊन चटकन थांबवताही येतो. साधारणपणे तो सेकंदाला १५० ते २५० कंपनं करेल असाच बनवतात, म्हणजे पॅसिनी संवेदक जिथे सर्वात जागे असतात तिथे. इतक्या छोट्या यंत्रातून इतकी स्पष्ट टिचकी मिळते ती कातडीच्या या गुणामुळे.

याचा मला सर्वात आवडणारा नमुना म्हणजे २०१५ पासून ॲपलच्या लॅपटॉपमध्ये आलेला ट्रॅकपॅड. तो दाबला की बटण खाली गेल्यासारखं स्पष्ट वाटतं. प्रत्यक्षात काच खाली जात नाही. तिच्याखालचे संवेदक बोटाचा जोर मोजतात आणि ठरावीक जोर पोचला की एक विद्युतचुंबक काचेला आडवा, अगदी बारीक हिसका देतो. इतक्या क्षणिक धक्क्याची दिशा कातडीला ओळखता येत नाही, म्हणून मेंदू तो ‘खाली गेला’ असा वाचतो. लॅपटॉप पूर्ण बंद करून तोच पॅड दाबून बघा. ती निव्वळ काच असते, काहीच होत नाही. ज्यांनी हे कधी करून पाहिलेलं नाही त्यांचा यावर विश्वास बसत नाही.

मग कंपनाच्या पुढे का जाता येत नाही? डोळ्यांच्या बाबतीत निसर्गाने आपल्याला मोठी सवलत दिली आहे. लाल, हिरवा आणि निळा असे तीन रंग कमी-जास्त मिसळले की स्क्रीनला डोळ्यांची समजूत घालता येते. कानासाठी एक हलणारा पडदा पुरतो. स्पर्शाला असे मोजके मूळ घटक नाहीत. मऊपणा, ओलेपणा, खरखर, वजन, गारवा हे सगळं वेगवेगळ्या संवेदकांच्या एकत्रित साक्षीतून मेंदू ठरवतो. ओलेपणासाठी तर आपल्याकडे वेगळा संवेदकच नाही. थंडी आणि दाब-घर्षण यांच्या मेळातून तो फक्त ताडला जातो. शिवाय एकच पडदा हजार माणसं बघतात, एकच ध्वनिक्षेपक हजार माणसं ऐकतात, पण स्पर्श प्रत्येक कातडीपर्यंत वेगळा न्यावा लागतो.

दुसरी अडचण वेगाची. समजा, आभासी जगात एक भिंत आहे आणि हातातल्या यांत्रिक दांड्याने तिला टेकायचं आहे. दांडा भिंतीत घुसला की संगणकाने मोटरमार्फत हाताला उलट ढकलायचं, म्हणजे भिंत लागल्यासारखं वाटेल. चित्र हलतं वाटायला सेकंदाला २४ चौकटी पुरतात. इथे तेवढ्याच वेळा हिशेब केला तर संगणकाला कळेपर्यंत हात बराच आत गेलेला असतो. मग तो एकदम जोरात बाहेर ढकलतो, हात पुन्हा आत जातो आणि भिंत थरथरायला लागते. टणक भिंत टणक वाटण्यासाठी हा हिशेब सेकंदाला सुमारे १,००० वेळा करावा लागतो.

हे दुरून करायचं म्हटलं तर भौतिकशास्त्रच आडवं येतं. काचेच्या तंतूतून प्रकाश एका मिलिसेकंदात साधारण २०० किलोमीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन एक मिलिसेकंद हवा असेल तर पलीकडची वस्तू १०० किलोमीटरच्या आतच हवी. नेटवर्क कितीही वेगवान केलं तरी ही मर्यादा हटत नाही. ७ सप्टेंबर २००१ रोजी जाक मारेस्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्कमध्ये बसून फ्रान्समधल्या स्ट्रासबुर्ग इथल्या एका रुग्णाचं पित्ताशय रोबोच्या मदतीने काढलं, तेव्हा जाण्यायेण्याचा विलंब सुमारे १५५ मिलिसेकंद होता. डोळ्यांच्या भरवशावर तो निभावून नेता आला. रोबोने होणाऱ्या शस्त्रक्रियांत बरीच वर्षं सर्जनच्या हाताला ऊतीचा विरोध जाणवतच नव्हता. टाका किती ताणला जातोय हे ते दोरा आणि ऊती कशा वाकतात ते बघून ओळखायचे. जोर मोजून तो हाताला परत देणारी दा विंची रोबोची आवृत्ती अमेरिकेत २०२४ मध्ये मंजूर झाली. सर्जननी वीसेक वर्षं याशिवाय काम केलं, याचं मला खरोखर नवल वाटतं.

मधल्या काळात काही भन्नाट युक्त्या निघाल्या. एडवर्ड मॅलिंक्रॉट यांना दिवा चालू असताना त्याचं पितळी होल्डर बोटाला नेहमीइतकं गुळगुळीत लागत नाही असं जाणवलं आणि १९५३ मध्ये त्यांनी त्याचं कारण मांडलं: पातळ विद्युतरोधक थराखालचा बदलता विद्युतदाब कातडीला पृष्ठभागाकडे ओढतो, त्यामुळे घर्षण बदलतं. आज हीच गोष्ट काचेवर वापरून सरकत्या बोटाला खरखर जाणवून देता येते. याच्या उलट, काच ऐकू न येणाऱ्या कंपनसंख्येने हलवली की बोटाखाली हवेचा पातळ थर धरला जातो आणि ती निसरडी होते. हवेतच स्पर्श देणारी यंत्रंही आहेत. अनेक छोटे ध्वनिक्षेपक ४०,००० हर्ट्झचा आवाज एका बिंदूवर एकवटतात. एवढी जलद कंपनं कातडीला कळत नाहीत, म्हणून तो बिंदू सेकंदाला सुमारे २०० वेळा कमी-जास्त करतात, पुन्हा पॅसिनींच्याच सोयीने. तळव्यावर हलकी फुंकर आल्यासारखं वाटतं, पण टणक काही धरल्याचा अनुभव यातून मिळत नाही.

ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी मात्र यातली कुठलीच गोष्ट नुसती गंमत नसते. स्टॅनफर्डचे प्राध्यापक जॉन लिनव्हिल यांची मुलगी लहानपणापासून अंध होती. तिच्यासाठी त्यांनी ऑप्टाकॉन बनवलं. एका हाताने छोटा कॅमेरा छापील ओळीवरून सरकवायचा आणि दुसऱ्या हाताच्या तर्जनीखाली १४४ बारीक सुया त्या अक्षराच्या आकारात थरथरायच्या. साधी छापील पुस्तकं आणि आलेली पत्रं अंध माणसं कुणाच्या मदतीशिवाय वाचू लागली. आजच्या ब्रेल डिस्प्लेमध्ये प्रत्येक अक्षरासाठी आठ टिंबं वरखाली होतात आणि प्रत्येक टिंबाखाली वीज दिली की वाकणारी पट्टी असते. चाळीस अक्षरांच्या एका ओळीला अशा ३२० पट्ट्या लागतात. ही उपकरणं इतकी महाग का, याचं उत्तर त्यात आहे. दोन टिंबांतलं सुमारे अडीच मिलिमीटरचं अंतर बोटाच्या टोकाला जेमतेम वेगळं ओळखता येईल इतकंच आहे. ब्रेल कातडीला धरूनच बनलेली लिपी आहे.

आणि याच लोकांसमोर आता कार्डाने पैसे भरायची सपाट काचेची यंत्रं येऊ लागली आहेत. बटणं असलेल्या यंत्रावर पाचच्या आकड्यावर एक टिंब असतं. त्यावरून बाकीचे आकडे शोधून गुप्त क्रमांक स्वतः टाकता येतो. सपाट काचेवर तसली खूण नसेल तर तो दुसऱ्याला सांगावा लागतो. ही गैरसोय नाही, हा अन्याय आहे. एका टिंबाने तो टळत होता.

स्पर्श परत दिला तर किती फरक पडतो, याचा पुरावा पिट्सबर्ग विद्यापीठाच्या प्रयोगात आहे. मानेच्या दुखापतीने हातपाय लुळे पडलेला एक माणूस मेंदूत बसवलेल्या इलेक्ट्रोडच्या साहाय्याने रोबोचा हात चालवत होता. आधी तो फक्त बघून चालवायचा. मग रोबोच्या बोटांवरचा दाब मोजून त्याच्या मेंदूच्या स्पर्शाच्या भागाला तसे सूक्ष्म विद्युतसंदेश दिले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार वस्तू उचलून ठेवायला लागणारा वेळ सुमारे २० सेकंदांवरून सुमारे १० वर आला. मेंदूला दिलेला तो स्पर्श नैसर्गिक नव्हता, अगदी ढोबळ होता. तेवढाही पुरला.

स्पर्श काढून घेतला की काय होतं, याचंही उदाहरण आहे. २१ ऑगस्ट २०१७ ला सिंगापूरजवळ अमेरिकी नौदलाच्या ‘जॉन एस. मॅकेन’ या युद्धनौकेची एका तेलवाहू जहाजाशी टक्कर झाली आणि दहा खलाशी गेले. दोन्ही बाजूंच्या इंजिनांचा वेग तिथे टचस्क्रीनवरून ठरायचा. नियंत्रण एका जागेवरून दुसरीकडे देताना दोन्ही बाजूंचे वेग एकत्र बदलणारी जोडणी सुटली, एकाच बाजूचा वेग कमी झाला आणि ते वेळेत कुणाच्या ध्यानात आलं नाही. खलाशांचा थकवा आणि अपुरं प्रशिक्षण ही कारणंही चौकशीत पुढे आली. पण दोन यांत्रिक दांडे हातात असते तर एक पुढे आणि एक मागे आहे हे न बघताही कळलं असतं. २०१९ मध्ये नौदलाने अशा नौकांवर पुन्हा हाताने ओढायचे दांडे बसवायचं ठरवलं.

गाड्यांमध्येही हीच चर्चा चालू आहे. वाहनांच्या सुरक्षेची चाचणी घेणाऱ्या युरो एनकॅपने २०२६ पासून दिशादर्शक दिवे, धोक्याचे दिवे, भोंगा, वायपर आणि आपत्कालीन मदत यांसाठी हाताला लागणारी बटणं वा दांडे असण्याला गुण ठेवले आहेत. मला विचाराल तर ही यादी अजून वाढायला हवी. काच धुक्याने भरली की ती साफ करणारा पंखा आणि आवाज कमी करायची खुंटी यांचीही गरज पडते ती नजर रस्त्यावर असतानाच. नकाशा खुशाल काचेवर राहू दे.